आजा जागा, नातू झोपलेला
लहान मुलांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत भूल का लागते, आणि ती काय करते?

धानाची कापणी-मळणी आटोपली की झाडीपट्टीतल्या गावागावांतून म्हातारी माणसं मोतीबिंदू काढून घ्यायला निघतात. सकाळी जीपमध्ये बसून गेलेला आजा एक-दोन दिवसांत काळा चष्मा लावून परत येतो आणि ओसरीवर बसून सांगतो, "काही कळलंच नाही. डॉक्टर माझ्याशी बोलत होते, मी त्यांच्याशी बोलत होतो."

आता अशी कल्पना करा, की त्याच घरातल्या दीड महिन्याच्या नातवाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरा ठिपका दिसतो. तपासणी करणारे डॉक्टर सांगतात, यालाही मोतीबिंदूच आहे, जन्मजात आहे आणि लवकर काढायला हवा. पण नागपूरला किंवा सेवाग्रामला न्यावं लागेल. तिथे रक्त तपासतील, वजन करतील, भूलतज्ज्ञ पाहतील, ठरल्या वेळेपासून दूध बंद करतील आणि मग बाळाला पूर्ण बेहोश करतील.

आज्याचा प्रश्न साधा आणि रास्त आहे. "मी म्हातारा माणूस, माझं जागेपणी झालं. मग एवढ्याशा लेकराला बेहोश कशाला?"

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत लेकराची शस्त्रक्रिया लांबते, तेव्हा पैसा आणि अंतर यांच्याबरोबर ही भुलीची भीतीही आड येते. म्हणून तिच्याबद्दल नीट, सावकाश बोलायला हवं.

बधिर करणं आणि झोपवणं

भूल दोन तऱ्हेची असते. पहिलीत शरीराचा तेवढाच भाग बधिर होतो आणि माणूस जागा राहतो. तिची सुरुवातच डोळ्यापासून झाली. कोकेनचे थेंब टाकले की डोळ्याला स्पर्श कळत नाही, हे व्हिएन्नातले तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी १८८४ साली दाखवून दिलं. पुढे त्याहून सुरक्षित औषधं आली. आज आज्याच्या डोळ्याभोवती सुई देतात किंवा नुसते थेंब टाकतात, ती याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

दुसरी पूर्ण भूल. बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन यांनी इथरची वाफ देऊन एका रुग्णाला झोपवलं आणि वेदनेशिवाय त्याची गाठ काढली गेली. तो दिवस या शास्त्राचा जन्मदिवस मानला जातो.

आज्याला पहिली भूल पुरते, कारण दुसरं अर्धं काम तो स्वतः करतो. डॉक्टर म्हणतात "खाली बघा", तो खाली बघतो. "हलू नका" म्हटलं की वीस मिनिटं दगडासारखा पडून राहतो. त्याची समज हीच त्याच्या भुलीची जोडीदार असते. तान्ह्या बाळाकडे, किंवा तीन-चार वर्षांच्या पोराकडेही, ती समज नसते. तोंडावर हिरवं कापड आलं, डोळ्यावर दिवा आला की ते रडणार, मान फिरवणार, हात मारणार. नवजात बाळाचा डोळा समोरून मागे जेमतेम १७ मिलिमीटर लांब असतो. मोठ्या माणसाचा साधारण २४. त्या एवढ्याशा डोळ्यात कागदाहून पातळ पडदा कापायचा असतो. अशा वेळी मान केसभर हलली तरी डोळा जाऊ शकतो.

मोठं होईपर्यंत थांबलं तर?

"मग समज आल्यावर करू" हा पुढचा विचार. आज्याच्या बाबतीत वर्षभर थांबलं तरी फारसं बिघडत नाही. नातवाच्या बाबतीत बिघडतं.

जंगलातली पाऊलवाट आठवा. रोज माणसं-गुरं चालतात म्हणून ती वाट असते. एक पावसाळा कुणी फिरकलं नाही तर गवत आणि झुडपं तिला गिळून टाकतात. डोळ्यापासून मेंदूपर्यंतची वाटही जन्मतः अशीच कच्ची असते. प्रकाश आणि आकार रोज तिच्यावरून गेले तरच ती पक्की होते. मोतीबिंदूने ती अडवली, तर मेंदू त्या डोळ्याचा नाद सोडतो. पुढे काच स्वच्छ केली तरी मेंदूला त्या डोळ्याने बघता येत नाही. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग करून हे उलगडलं. त्यांना १९८१ साली नोबेल मिळालं.

म्हणून एका डोळ्यात दाट जन्मजात मोतीबिंदू असेल तर साधारण सहा आठवड्यांच्या आत आणि दोन्ही डोळ्यांत असेल तर आठ आठवड्यांच्या आसपास तो काढावा, असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. ज्या वयात बाळ सर्वांत नाजूक, त्याच वयात शस्त्रक्रियेची सर्वांत जास्त घाई. हा पेच भूलतज्ज्ञाने सोडवायचा असतो.

टॉवर बंद, पण गाव जागेवर

भूल म्हणजे गाढ झोप, असं आपण सोयीसाठी म्हणतो. पण झोपलेल्या लेकराला चिमटा काढला तर ते जागं होतं. भुलीत होत नाही.

भामरागडच्या बाजूला मोबाइलचा टॉवर बंद पडतो तेव्हा काय होतं? गावं असतात तिथेच असतात, माणसं आपापली कामं करतात, पण एका गावचा निरोप दुसऱ्या गावाला पोचत नाही. मेंदूत अब्जावधी पेशी एकमेकींना सतत निरोप देत असतात. त्यात 'थांब, शांत हो' असा निरोप देणारं गाबा नावाचं एक रसायन असतं. सेव्होफ्लुरेनसारखा भुलीचा वायू किंवा प्रोपोफोलसारखं शिरेतलं औषध मुख्यतः या 'थांब'चा जोर वाढवतं. पेशी मरत नाहीत, पण त्यांचं आपसातलं बोलणं तुटतं. डोळ्याला काही टोचलं तरी 'दुखतंय' असं समजून घेणारं कुणी त्या वेळी जागं नसतं. औषध थांबवलं की वायू श्वासावाटे निघून जातो आणि टॉवर पुन्हा सुरू होतो.

हे औषध 'एकदा टोचलं आणि झालं' असं नसतं. शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत भूलतज्ज्ञ ते क्षणाक्षणाला कमी-जास्त करत राहतात. बाळाचा श्वास, नाडी, रक्तदाब, अंगाची ऊब यांवर त्यांची नजर असते. बोटाला लावलेला लाल दिव्याचा चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, रक्तातला ऑक्सिजन सतत दाखवतो. आईबापांनी एवढं मनात ठेवावं की लेकरू भुलीत असताना एक शिकलेला माणूस फक्त त्याच्यासाठी, त्याच्याजवळून न हलता उभा असतो.

डोळा आणि नाक शेजारी-शेजारी

पोटाच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर पोटाशी आणि भूलतज्ज्ञ तोंडाशी, अशी वाटणी असते. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत दोघांना एकच जागा हवी असते. चेहरा कापडाने झाकलेला, वर सूक्ष्मदर्शक, आणि श्वासाची नळी त्याच कापडाखाली. ती सरकली तर हात घालून लगेच नीट करता येत नाही. म्हणून नळी सुरुवातीलाच पक्की बसवावी लागते. कधी ती श्वासनलिकेत घालतात, तर कधी घशात अलगद बसणारा मऊ मास्क वापरतात. हा मास्क आर्ची ब्रेन या इंग्रज भूलतज्ज्ञाने १९८०च्या दशकात तयार केला.

तान्ह्या बाळात या कामाला वेळही थोडा मिळतो. मोठा माणूस दर किलो वजनामागे मिनिटाला तीन-चार मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो, बाळ सहा ते आठ. शिवाय त्याच्या छातीतला साठाही लहान. दिवा चिमुकला, तेल थोडं आणि वात मात्र मोठी. श्वास थांबला तर मोठ्या माणसात काही मिनिटांची सवड असते, बाळात ऑक्सिजन त्याहून फार लवकर उतरतो. म्हणूनच लहान मुलांची भूल ज्याच्या सरावाची आहे असा माणूस आणि त्या मापाचं सामान लागतं. नागपूरला पाठवण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मामा तलावाची पाळ

आपल्याकडे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावोगाव आहेत. आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी यांचा मेळ बसला की पाळ सुखरूप राहते. डोळाही तसाच भरलेला तलाव आहे. आत सतत द्रव तयार होतो, बारीक जाळीतून निघून जातो आणि आतला दाब साधारण १० ते २१ या मर्यादेत राहतो. हे माप रक्तदाबासारखंच, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये.

शस्त्रक्रियेत डॉक्टर या पाळेला छेद देतात. त्याच क्षणी लेकरू खोकललं, रडलं किंवा ओकारी आली, तर छातीतला दाब वाढतो, मानेच्या शिरा फुगतात, रक्त डोळ्यामागे तुंबतं आणि डोळ्याचा दाब एकदम उसळतो. पाळ कापलेली असताना पूर यावा तसं होतं आणि डोळ्यातला ऐवज छेदातून बाहेर येऊ शकतो. म्हणून डोळा उघडा असेपर्यंत भूल खोल आणि सलग ठेवावी लागते. जागं करतानाही खोकल्याची उबळ येऊ नये अशी काळजी घ्यावी लागते.

यातूनच एका जुन्या औषधाची मर्यादा कळते. केटामाइन १९६२ साली तयार झालं आणि दुर्गम भागातल्या शस्त्रक्रियांचा मोठा आधार ठरलं. ते वेदना मारतं, पण बहुधा श्वास आणि रक्तदाब टिकवून ठेवतं. मोठं यंत्र नसलं तरी चालतं. पण या भुलीत डोळे आपोआप इकडेतिकडे फिरत राहतात आणि तोंडात लाळ सुटते. हाडाच्या किंवा जखमेच्या कामाला ते उत्तम, पण उघड्या डोळ्यातल्या नाजूक कामाला नुसतं केटामाइन पुरत नाही.

डोळा ओढला की हृदय थबकतं

तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळा हलवणारे बारीक स्नायू सोडवून नव्या जागी शिवतात. त्यासाठी स्नायू थोडा ओढावा लागतो, आणि तो ओढताच कधी कधी लेकराच्या हृदयाचे ठोके झपकन मंदावतात. अ‍ॅश्नर आणि डाग्निनी या दोघांनी १९०८ साली स्वतंत्रपणे याची नोंद केली.

डोळा आणि हृदय यांचा काय संबंध? डोळ्याची संवेदना नेणारी नस मेंदूच्या देठाशी जिथे पोचते, त्याच्या शेजारीच हृदयाला 'हळू' सांगणाऱ्या व्हेगस नसेचं केंद्र आहे. एका घरातला आवाज शेजारच्या घरात ऐकू जावा तसा हा निरोप पलीकडे पोचतो. मुलांमध्ये व्हेगसचा जोर अधिक, म्हणून ही प्रतिक्रियाही त्यांच्यात अधिक दिसते.

उपाय सोपा आहे, पण तो करणारं कुणी हजर हवं. यंत्राचा टिकटिक आवाज मंदावला की भूलतज्ज्ञ म्हणतात, "थांबा, सोडा." डॉक्टर स्नायू सोडतात आणि ठोके बहुधा काही सेकंदांत पूर्ववत होतात. गरज पडली तर अ‍ॅट्रोपिन देतात, ते व्हेगसचा निरोप अडवतं.

पोट रिकामं का ठेवायचं?

आपण जागे असताना अन्न चुकून श्वासनलिकेकडे वळलं तर ठसका लागतो आणि ते बाहेर येतं. भुलीत हा ठसक्याचा पहारेकरीही झोपतो. पोटातलं वर आलं तर ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं, आणि आम्लाने फुप्फुस भाजतं.

म्हणून सर्वसाधारण नियम असा आहे: जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, साधं स्वच्छ पाणी दोन तास आधी. पेज, आंबील, ताक हे पातळ असलं तरी पाणी नव्हे, ते अन्नच आहे. दयेपोटी आजीने गुपचूप दिलेला बिस्किटाचा तुकडाही धोक्याचा ठरू शकतो. पण याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. "रात्रीपासून काहीच देऊ नका" म्हणून तान्ह्या बाळाला बारा तास उपाशी ठेवू नये. त्याची साखर उतरते, अंगातलं पाणी कमी होतं. सांगितलेल्या वेळेपर्यंत पाजावं, आणि मग थांबावं.

खरी कसोटी असते ती अचानक झालेल्या इजेत. बांबूची काडी, काटा, खेळातला बाण किंवा विटी लागून डोळा फुटतो, तेव्हा पोट नेमकं भरलेलं असतं. दुखणं आणि भीती यांनी पोट रिकामं होणंही मंदावतं, त्यामुळे नंतर तास मोजूनही खात्री होत नाही. थांबावं तर डोळा बिघडतो, घाई करावी तर फुप्फुसाला धोका. अशा वेळी भूलतज्ज्ञ खास पद्धतीने भूल देऊन नळी झटपट बसवतात. त्यांना घरच्यांकडून दोन वेळा अचूक कळायला हव्यात: लेकराने शेवटचं कधी खाल्लं आणि इजा कधी झाली.

आपल्या भागातली खास गोष्ट: सिकलसेल

लहान मुलांच्या भुलीची पुस्तकं सगळीकडे सारखीच, पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या लेकराला भूल देताना एक पान जास्त वाचावं लागतं. विदर्भातल्या अनेक समाजांत सिकलसेल आहे. या आजारात ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी आटलं किंवा थंडी वाजली की गोल लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शस्त्रक्रियेच्या दिवशी या तिन्ही गोष्टी एकत्र येऊ शकतात: उपवास, थंडगार खोली आणि भूल. आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ सलाईन लवकर सुरू करतात, अंग उबदार ठेवतात, ऑक्सिजन उतरू देत नाहीत, आणि शस्त्रक्रिया सुखरूप पार पडू शकते.

डोळ्याला मार लागून आत रक्त साचलं, तर नुसता सिकलसेलचा वाहक असलेल्या मुलालाही धोका असतो. वाकड्या पेशी द्रव निघून जाण्याच्या त्या बारीक जाळीत अडकतात आणि दाब चढतो. "आमच्या पोराला त्रास काहीच नाही, नुसता वाहक आहे" असं म्हणून सिकलसेलचं कार्ड घरी ठेवू नका.

वजनाचंही तसंच. लेकराच्या भुलीचं प्रत्येक औषध वजनावर मोजलेलं असतं. "चार वर्षांचा आहे" एवढं पुरत नाही, कारण कुपोषणाने चार वर्षांच्या मुलाचं वजन दोन वर्षांच्या मुलाएवढं असू शकतं. याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि त्यांचे मृत्यू कमी होतात हे १९९९ साली जगापुढे ठेवलं. वजनकाट्यावरचा आकडा किती मोलाचा असतो, हे या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको.

सर्दी, ताप, हिवताप यांचीही तीच गोष्ट. सर्दीनंतर दोन-चार आठवडे श्वासनलिका हुळहुळी असते, भुलीत ती आवळू शकते. मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून नागपूर गाठावं आणि "महिनाभराने या" असं ऐकावं, याचं दुःख मोठं आहे. म्हणून निघण्याआधी फोन करून सर्दी-ताप कळवलेला बरा.

जागं होताना

शस्त्रक्रिया झाली. लेकरू डोळे उघडतं आणि किंचाळतं, हातपाय झाडतं, आईलाही ओळखत नाही. आई हादरते, "माझं लेकरू वेडं झालं!" वायूच्या भुलीतून बाहेर येताना बऱ्याच लहान मुलांचं असं होतं. मेंदूचे सगळे टॉवर एकदम सुरू होत नाहीत, एवढंच. बहुधा दहा-पंधरा मिनिटांत, कधी अर्ध्या तासात ते शांत होतं. त्या वेळी आईचा आवाज लागतो, आणि तो तिच्या भाषेतला, मग ती माडिया असो, गोंडी असो की सिरोंच्याकडची तेलुगू. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेनंतर उलट्याही बऱ्याच होतात. त्या थांबवणारं औषध आधीच देतात.

आणि आईबापांच्या मनातला सर्वांत खोल प्रश्न: "याने डोकं मंद होईल का?" हाच प्रश्न घेऊन सात देशांतल्या सातशेहून अधिक तान्ह्या बाळांवर मोठा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २०१९ साली आला. बाळपणी एकदा, सुमारे तासाभराची भूल मिळालेली मुलं पाच वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या बुद्धीत फरक आढळला नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल द्यावी लागली तर मात्र जपून विचार करावा, असं अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ साली सांगितलं आहे. उलट बाजूला, न काढलेल्या दाट मोतीबिंदूचं नुकसान नक्की असतं आणि जन्मभराचं असतं.

लांबची वाट

पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांच्या संगमावरचं भामरागड पावसाळ्यात पुराने तुटतं. तिथून गडचिरोलीच पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, नागपूर त्याहून पुढे. याच भागात हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. वीज नसतानाच्या काळापासून तिथला दवाखाना चालत आला. 'सर्च'च्या शोधग्राममधल्या माँ दंतेश्वरी दवाखान्यात बाहेरचे तज्ज्ञ येऊन शस्त्रक्रियांची शिबिरं करतात. चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळा, आश्रमशाळांत जाऊन जन्मजात मोतीबिंदूसारखे दोष शोधतात आणि पुढच्या उपचारांची सोय करतात.

दोष शोधणं गावापर्यंत पोचलं, ही मोठी गोष्ट. आता लहान मुलांना सुरक्षित भूल देणारी माणसं आणि त्यांचं सामान जिल्ह्याच्या ठिकाणी हवं. डोळ्याचा डॉक्टर आला आणि भूलतज्ज्ञ नसला, तर आज्याची शस्त्रक्रिया होते, नातवाची होत नाही. जिल्ह्याच्या आरोग्याची मागणी मांडताना सूक्ष्मदर्शकाबरोबर भूलतज्ज्ञाचं पदही मागायला हवं.

तोवर ओसरीवरच्या आज्याला एवढं सांगता येईल: बाबा, तुम्ही स्वतः हलला नाहीत, म्हणून तुमचं जागेपणी झालं. लेकराच्या वाटचं ते निपचित पडून राहणं भूल करते, आणि त्याच्या वाटची जाग भूलतज्ज्ञ राखतो.

---

चौकट: लेकराला शस्त्रक्रियेला नेताना

• डोळ्याच्या बाहुलीत पांढरा ठिपका किंवा तिरळेपणा दिसला तर त्याच आठवड्यात दाखवा. मोठं होण्याची वाट पाहू नका.

• सोबत न्या: सिकलसेलचं कार्ड किंवा अहवाल, लसीकरण कार्ड, चालू औषधं.

• भूलतज्ज्ञांना सांगा: बाळ वेळेआधी जन्मलं होतं का, अलीकडे सर्दी-ताप-हिवताप झाला का, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का.

• उपवासाची वेळ घड्याळाप्रमाणे पाळा. पेज, आंबील, ताक हे अन्न आहे. सांगितल्याहून जास्त वेळ उपाशी ठेवू नका.

• डोळा फुटला असेल तर दाबू नका, धुऊ नका, झाडपाला किंवा थेंब घालू नका. कागदी पेल्यासारखं काही, डोळ्याला न टेकेल असं, वर बांधा आणि निघा. वाटेत खायला देऊ नका.

• जागं होताना लेकरू रडेल, ओळखणार नाही. जवळ बसा, आपल्या भाषेत बोलत राहा.